कन्व्हर्टर, क्राऊन-पिनियन आणि गडाचा घाट

मित्रांनो, 'टॉर्क कन्व्हर्टर' हा धडा आपण सगळ्यांनीच पाठ केलेला आहे. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, आपण 'पंप, टर्बाइन, स्टेटर' असे तीन शब्द एका दमात म्हणतो, ते मान डोलावतात आणि आपण सुटतो. मीही असाच सुटलो होतो. पण सुटलेला धडा कधी ना कधी परत गाठतोच. मला तो गेल्या वर्षी सप्तशृंगी गडाच्या घाटात गाठला.

त्याचं झालं असं. आमच्या रूम पार्टनरच्या काकांनी एक जुनी एसयूव्ही घेतली. डिझेल, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ड्राइव्ह. गाडी पार्टनरच्या ताब्यात आली आणि आठवड्याभरात तिला भले मोठे टायर लागले. गंगापूर रोडवरून संध्याकाळी ती गाडी निघाली की टपरीवरचे लोक कटिंग हातात धरून बघत राहायचे. पण पार्टनर मात्र खूश नव्हता. "दिसायला भारी झाली रे, पण पिकअप गेला. जेहान सर्कलच्या सिग्नलवरून साधी व्हॅन पुढे काढते," अशी त्याची रोजची तक्रार. मग रात्र रात्र अमेरिकन व्हिडिओ बघून त्याने उपाय शोधला : हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर. बाहेरून मागवायचा, बसवायचा, की गाडी उडालीच म्हणून समजा!

पैसे भरायच्या आधीच्या रविवारी तो घरच्यांना घेऊन गडावर निघाला. मीही सोबत होतो. नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटरचा घाट. पुढे माल भरलेला टेम्पो, त्यामुळे गाडी रांगत होती. अर्ध्या घाटात गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि करपलेल्या तेलाचा वास आला. गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर पार्टनरची आजी होती. ती शांतपणे म्हणाली, "बैल दमला की त्याला उभं करतात. ओढायला लावत नाहीत." आम्ही दोघं भावी इंजिनीअर एकमेकांकडे बघत उभे.

सोमवारी आम्ही सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "गाडी आधी कागदावर चालवा, मग रस्त्यावर." त्या कागदावर जे निघालं, तेच इथे मांडतो आहे.

मेसचं वरण आणि फॉटिंगर साहेब

आपल्या मेसचं वरण डोळ्यांसमोर आणा. (पातळपणाबद्दल तक्रार नाही, इथे ते उपयोगाचंच आहे.) मोठ्या पातेल्यात एक डाव गरागरा फिरवला, तर शेजारी सैल सोडलेला दुसरा डावही हळूहळू फिरू लागतो. दोघांमध्ये कुठलाही दांडा नाही, फक्त वरण आहे. इंजिनाने फिरवलेला पंप हा पहिला डाव, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा टर्बाइन हा दुसरा आणि वरणाच्या जागी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. एवढंच असेल तर ते झालं फ्लुइड कपलिंग. त्यात टॉर्क वाढत नाही, जेवढा घातला तेवढाच मिळतो.

खरी गंमत स्टेटरची. टर्बाइनमधून बाहेर पडणारं तेल पंपाच्या उलट दिशेने येत असतं. ते तसंच पंपात शिरलं तर त्याला अडवेल. मध्ये बसलेला स्टेटर त्या तेलाची दिशा वळवतो, म्हणजे ते पंपाला अडवायच्या ऐवजी मदत करतं. म्हणून गाडी उभी असताना टर्बाइनवर इंजिनाच्या साधारण दुप्पट टॉर्क मिळतो. पुढे टर्बाइनचा वेग पंपाच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोचला की तेल स्टेटरच्या पात्यांवर मागच्या बाजूने आदळू लागतं. तेव्हा स्टेटर त्याच्या वन-वे क्लचवर मोकळा फिरतो आणि कन्व्हर्टर नुसता कपलिंग बनतो.

ही कल्पना जर्मन इंजिनीअर हर्मन फॉटिंगर यांची, पेटंट १९०५ चं. आणि ती मोटारीसाठी नव्हतीच, जहाजासाठी होती. वाफेची टर्बाइन जोरात फिरते, जहाजाचा पंखा मात्र हळू फिरायला हवा, म्हणून ही युक्ती. मोटारीत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला, पण त्यात फ्लुइड कपलिंग होतं. टॉर्क कन्व्हर्टर १९४८ मध्ये ब्यूकच्या डायनाफ्लोने आणला आणि १९४९ च्या पॅकार्ड अल्ट्रामॅटिकमध्ये लॉक-अप क्लचही आला. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून आणि २००८ मध्ये तिचं सहा गिअरचं ऑटोमॅटिक मॉडेल निघालं. मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि टॉर्क कन्व्हर्टर, ही जोडी त्यात होती.

आणि स्टॉल म्हणजे काय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गंगापूर रोडवर कुठल्याही नवीन इमारतीच्या साइटवर जा. जेसीबी ढिगाऱ्यात बकेट खुपसतो, चाकं थांबतात, पण इंजिन बंद न पडता गुरगुरत राहतं. तोच स्टॉल. टर्बाइन उभा, पंप फिरतोय, आणि इंजिनाचं सगळं काम तेल तापवण्यात जातंय.

स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरवर छापलेला आकडा नाही

पार्टनरचा पहिला गैरसमज इथे होता. व्हिडिओत '२६०० चा कन्व्हर्टर' म्हणतात, म्हणून त्याला वाटलं की तो कुठल्याही गाडीत २६०० लाच स्टॉल होणार. तसं नाही. कन्व्हर्टरच्या पंपाला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली : तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला तर स्टॉल स्पीड वाढतो, कमी टॉर्कमागे कमी होतो. टॉर्क चौपट झाला तर स्टॉल स्पीड दुप्पट. म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरवर २६०० ला स्टॉल होणारा कन्व्हर्टर पाव टॉर्कवर १३०० लाच स्टॉल होतो. म्हणून सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी बरी चालते आणि घाटात तिचं खरं रूप दिसतं.

दुसरी : व्यास फक्त १० टक्के कमी केला तर ०.९ चा पाचवा घात ०.५९ येतो. म्हणजे तेवढाच टॉर्क पेलायला पंपाला सुमारे ३० टक्के जास्त आरपीएम लागतात. २००० चा स्टॉल सरळ २६०० होतो. हाय-स्टॉल कन्व्हर्टर आकाराने लहान असतात ते याचमुळे.

आता हा २६०० कुणाला हवा? ज्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क वरच्या आरपीएमला येतो, त्याला. टर्बो डिझेलचा टॉर्क साधारण १५०० ते २५०० च्या पट्ट्यातच भरलेला असतो. त्याला आणखी वर ढकलून मिळणार काय? आवाज आणि उष्णता.

ॲक्सलचं प्रमाण : चोवीस तास ड्युटी

मागच्या हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन असतात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर प्रमाण ४.१. म्हणजे जॉइंट शाफ्टचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक. हा आकडा मोठा केला की पिकअप वाढतो, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि अॅव्हरेज कमी होतं. बाइकवाल्यांना हे सांगायला नको. मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं करणारे आपल्या प्रत्येक मजल्यावर एक-दोन आहेतच.

कन्व्हर्टर आणि ॲक्सल दोन्ही टॉर्क वाढवतात, पण फरक मोठा आहे. कन्व्हर्टर फक्त घसरत असताना वाढवतो, म्हणजे सिग्नलवरून निघताना. आणि त्याची किंमत उष्णतेत घेतो. ॲक्सल प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक वेगाला वाढवतो, आणि जवळजवळ काहीच तापवत नाही. त्याची किंमत फक्त आरपीएममध्ये. त्यामुळे दोघांची जोडी जमली तरच गाडी चांगली चालते. जोडीचा नियम एका ओळीत सांगायचा तर : रोजच्या वेगाला इंजिनाचे आरपीएम त्या वेळच्या भाराला येणाऱ्या स्टॉल स्पीडच्या बरेच वर असावेत. वर असतील तर कन्व्हर्टर नुसत्या कपलिंगसारखा फिरतो, जवळपास असतील तर सतत घसरत राहतो.

आमचा कागद

आकडेमोडीसाठी ॲक्सल ४.१ धरला. जुना टायर २३५/७० आर १६. त्याचा व्यास असा : १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, अधिक २३५ च्या ७० टक्क्यांची दुप्पट ३२९ मिमी, एकूण ७३५.४ मिमी. नवा टायर २६५/७५ आर १६. त्याचा व्यास ८०३.९ मिमी. म्हणजे चाक ९.३ टक्के मोठं झालं.

इथेच आमची ट्यूब पेटली. पार्टनरने ॲक्सलला हात लावला नव्हता, पण टायर बदलून त्याने ॲक्सलच बदलला होता! ४.१ ला १.०९३ ने भागा. उत्तर ३.७५. न सांगता, हौसिंग न उघडता, गाडीचं प्रमाण ४.१ वरून ३.७५ वर आलं होतं.

पिकअपचं गणित बघू. इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, कन्व्हर्टरची वाढ दुप्पट, पहिला गिअर ३.५ धरू. चाकावर टॉर्क आला २५० × २ × ३.५ × ४.१ = ७१७५. जुन्या टायरच्या त्रिज्येने भागलं तर रस्त्यावर सुमारे १९,५०० न्यूटनचा रेटा, नव्याने भागलं तर १७,८५०. घर्षणातला तोटा दोन्हीकडे सारखा म्हणून सोडून दिला. साडेआठ टक्के रेटा गेला, शिवाय टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. सिग्नलवरच्या व्हॅनचं कोडं सुटलं.

आता गंगापूर रोड. ६० च्या वेगाला डायरेक्ट गिअरमध्ये जॉइंट शाफ्ट जुन्या टायरवर १७७५ आरपीएमने फिरतो, नव्यावर १६२३ ने. त्यात २६०० चा कन्व्हर्टर बसवला असता तर? अशोक स्तंभापासून सोमेश्वरपर्यंत जरा जोरात पाय दाबला की कन्व्हर्टर घसरणार. म्हणजे लांबचा ॲक्सल आणि उंच स्टॉल, दोन्ही उलट्या दिशेने ओढणारे. पार्टनर आजारावर औषध म्हणून आणखी एक आजार विकत घेणार होता.

घाटात नेमकं काय झालं

गाडी आणि माणसं मिळून २५०० किलो, चढ ७ टक्के, वेग ताशी ३० धरू. चढाचा विरोध १७१७ न्यूटन, टायरचा घर्षण विरोध सुमारे ३६८, एकूण २०८५. याला वेगाने, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटरने, गुणलं की चाकांना १७.४ किलोवॅट लागतात. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर इंजिनाने २१.७ किलोवॅट द्यायचे आणि मधले ४.३ किलोवॅट तेलात उष्णता म्हणून जाणार. हॉस्टेलच्या भाषेत, रेक्टर सरांची नजर चुकवून बादलीत टाकतो तसले दीड हजार वॅटचे तीन हीटर गिअरबॉक्सच्या तेलात!

टायर मोठा झाला की त्याच वेगाला टर्बाइन हळू फिरतो आणि त्याच्यावर भार जास्त येतो. म्हणजे घसरण वाढते. कार्यक्षमता ८० वरून ७७ वर आली असं धरा. तीनच टक्के! पण उष्णता ४.३ वरून ५.२ किलोवॅट झाली, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढली. कार्यक्षमतेचा छोटा आकडा फसवा असतो, तो असा.

गिअरबॉक्समध्ये सुमारे ८ किलो तेल असेल, तर त्याला एक अंश तापायला साधारण १६ किलोज्यूल लागतात. कूलरने अजिबात साथ दिली नाही तर ५.२ किलोवॅटमध्ये दर तीन सेकंदांना एक अंश. तीन मिनिटांत साठ अंश! कूलर साथ देतो म्हणून एवढं होत नाही, पण रांगणाऱ्या गाडीला समोरून वारा कमी, एसी चालू आणि पुढे हौसेने बसवलेला गार्ड. कूलर तरी काय करेल?

यात लॉक-अपचा मुद्दा तर आणखी मोठा. लॉक-अप क्लच लागला की पंप आणि टर्बाइन एकत्र फिरतात, घसरण थांबते, कन्व्हर्टरमधली उष्णता जवळजवळ शून्य. पण तो कधी लावायचा हे गाडीचा कॉम्प्युटर शाफ्टच्या वेगावरून आणि ॲक्सिलरेटरवरून ठरवतो. त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं. समजा तो ४० ला लॉक करत असेल, तर आता गाडी प्रत्यक्षात ४४ च्या जवळ जाईपर्यंत करणार नाही. घाटात वळणं घेत ४४ गाठणार कधी? आजीचा बैल सतत ओढत राहिला तो यामुळे.

ज्याकडे आमचं लक्षच नव्हतं

कागद भरत आला तेव्हा सरांनी विचारलं, "स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी किती धावते?" आम्ही गप्प. उत्तर : ८७ च्या पुढे. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ब्रेकला जिरवायची ऊर्जा साडेएकोणीस टक्के जास्त. ब्रेक मात्र तेच, आणि मोठ्या चाकामुळे त्यांची पकड रस्त्यावर आणखी थोडी कमी पोचते. गंगापूर रोडच्या रुंदीकरणात रस्त्याच्या आत आलेली जुनी झाडं आणि त्यांवर आदळून झालेले अपघात हा नाशिककरांना नवा विषय नाही. तिथे ८० म्हणून ८७ ने जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पिकअपच्या नादात आम्ही थांबण्याचं गणित केलंच नव्हतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करायला मनाई करतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही उभा राहू शकतो. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीवर प्रयोग नकोत. कागदावर हवे तेवढे करा.

जोडी जुळवायचा क्रम

ट्रॅकवरच्या किंवा प्रोजेक्टच्या गाडीसाठी हे काम करायचं असेल तर क्रम असा ठेवा :

१. इंजिनाचा टॉर्क कर्व्ह हातात घ्या. टॉर्क कुठे भरतो ते बघा.

२. टायरचा व्यास पक्का करा. तो बदलला तर पुढचं सगळं गणित पुन्हा.

३. गाडी बहुतेक वेळ कुठल्या वेगाला, किती वजनाने आणि कुठल्या चढावर चालणार ते लिहा. त्यावरून ॲक्सलचं प्रमाण काढा. चारही चाकांना ड्राइव्ह असेल तर पुढचं आणि मागचं प्रमाण दोन्ही सारखंच बदलावं लागतं.

४. सगळ्यात शेवटी कन्व्हर्टर. स्टॉल टॉर्क कर्व्हच्या भरलेल्या भागाच्या सुरुवातीला ठेवा, आणि रोजच्या आरपीएमच्या खाली.

५. स्टॉल वाढवला तर तेलाचा कूलरही वाढवा.

पार्टनरने हा क्रम नेमका उलटा केला होता. मोठे टायर ठेवायचेच असते तर औषध कन्व्हर्टर नव्हतं, ॲक्सल होता : ४.१ × १.०९३ = ४.४८, म्हणजे साधारण ४.५ चा क्राऊन-पिनियन. पण काकांच्या घरच्या गाडीला तेही कशाला?

एक कळकळीची सूचना. पुस्तकातली स्टॉल टेस्ट वाचून कुणी पार्किंगमध्ये करू नका. ब्रेक आणि हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे देऊन, समोर कुणी उभं नसताना, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली आणि पाच सेकंदांच्या वर नाही, अशी ती करायची असते. शिवाय आजकालच्या बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर त्या वेळी टॉर्क मुद्दाम कमी करतो, त्यामुळे मिळालेला आकडा खरा असेलच असं नाही.

शेवटी

कन्व्हर्टरची ऑर्डर रद्द झाली. मोठे टायर निम्म्या किमतीत गेले, पार्टनर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. जुन्या मापाचे टायर बसले, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलले, पुढचा गार्ड निघाला. मग आम्ही परत गडावर गेलो. आजी त्याच सीटवर, पुढे यावेळी ट्रॅक्टर. दिवा लागला नाही. मी मोठ्या अभिमानाने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'टायर बदलल्यामुळे दोष दूर झाला.' सरांनी त्यावर लाल पेनाने शेरा मारला : 'तीन गोष्टी एकदम बदलल्या. श्रेय एकालाच कसं?' बरोबरच होतं. कागदावरचं गणित टायरकडे बोट दाखवत होतं, पण एका फेरीने ते सिद्ध होत नव्हतं. तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, यंदा ओरलला कुणी टॉर्क कन्व्हर्टर विचारला तर तीन शब्दांवर सुटू नका. स्वतःलाच हे तीन प्रश्न विचारून बघा : टायर मोठा केला तर ॲक्सलचं काय होतं? तोच कन्व्हर्टर दुसऱ्या इंजिनामागे तोच स्टॉल का देत नाही? आणि लॉक-अप नसलेली गाडी घाटात का तापते? उत्तरं आली नाहीत तर रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर या. कागद अजून भिंतीला चिकटवलेला आहे, आणि पार्टनर आता हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतो.